थाऱ्याचा नवा पत्ता

बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की माणसाला धडकी भरते ती सामानाची. पद्मजा मगदूमनेही रविवारची अख्खी सकाळ राखून ठेवली होती, चिवड्याचा डबा जवळ ओढला होता आणि फोन बंद करून टाकला होता. प्रत्यक्षात काय झालं, तर नऊ वर्षांचा 'थारा', त्याची ओळ न् ओळ, त्यावरून झालेली भांडणं, समजुती, दुरुस्त्या, सगळं मिळून जुन्या जागेवरून नव्या जागी पोचलं तेव्हा कपातला चहा अजून पिण्याजोगा गरम होता.

"झालं?" समोर शेंगा सोलत बसलेल्या आण्णांनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यात? आमच्या येळेला मीटर एका भितीवरनं दुसऱ्या भितीवर न्यायचा म्हटलं तरी अर्धा दिस जायचा."

आण्णा म्हणजे पद्मजाचे वडील. वीज मंडळात वायरमन होते, सांगलीतल्या निम्म्याअधिक खांबांवर चढून आलेले. आता ऐंशीच्या घरात होते. त्यांच्या उजव्या मनगटावर दोन बोटं रुंदीची एक करडी पट्टी होती. ती नसती तर शेंगेतला दाणा बशीत पडण्याऐवजी घरभर उडाला असता. त्या पट्टीच्या आत जो प्रोग्राम चालत होता त्याचंच नाव थारा.

हात कापणं हा खरं म्हणजे हाताचा दोष नसतो. मेंदूतली काही केंद्रं एकमेकांशी ठरावीक लयीत बोलत असतात आणि काही माणसांमध्ये ती लय नको तेव्हा स्नायूंपर्यंत येऊन पोचते. चमचा तोंडाकडे नेला की हात डुलायला लागतो, सही करायला पेन टेकवलं की कागदावर करवत उमटते. पुष्कळदा हे घराण्यातून येतं. आता, मनगटातून जाणाऱ्या नसेला अगदी हलका विजेचा स्पर्श केला तर तो निरोप उलट्या वाटेने मेंदूकडे जातो आणि ती लय विस्कटते. मात्र स्पर्श नेमक्या क्षणी व्हायला हवा. झोका पुढे येताना त्याला समोरून हात लावला तर तो थांबतो, भलत्या वेळी लावला तर आणखी चढतो. पट्टीचं सगळं काम हे एवढंच, योग्य क्षण ओळखायचा. आणि कुठल्याही दोन माणसांचा कंप सहसा सारखा नसल्यामुळे ती महिनाभर आपल्या माणसाच्या हातावर बसून त्याचा कंप शिकते.

कंपन्यांच्या पट्ट्या मिळत होत्या, पण त्यांची किंमत ऐकूनच हात कापायला लागत. पद्मजा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होती. आण्णांना खांबावरून उतरवून टेबलावर बसवलं, मग टेबलावरूनही घरी बसवलं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने स्वस्त पट्टी केली, प्रोग्राम लिहिला आणि तो सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कुणीही वाचावा, सुधारावा, फुकट वापरावा. सोलापूरचे औषधदुकानदार मुश्ताक इनामदार पहिल्याच वर्षी येऊन मिळाले, कारण त्यांच्या हातून गोळ्या सांडायला लागल्या होत्या. मग आणखी कोण कोण आले. आता महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे निपाणी-बेळगावात मिळून चार-एक हजार हातांवर थारा होता.

इतकी वर्षं हा प्रोग्राम 'मेरिडॉक' नावाच्या जागी राहत होता. जगभरातले लाखो उघडे प्रोग्राम तिथे राहत, भाडं नाही की काही नाही. पण मेरिडॉकला नवे मालक मिळाले आणि त्यांनी जाहीर केलं की नव्या वर्षापासून तिथल्या सगळ्या प्रोग्रामांची दुरुस्ती आमची यंत्रबुद्धी परस्पर करील, कुणाला विचारायची गरज नाही. पाककृतींच्या किंवा पंचांगाच्या प्रोग्रामला त्याचं काही वाटू नये. पण त्याच यंत्रबुद्धीने मागे एकदा थाऱ्यातल्या दोन ओळी 'निरुपयोगी' म्हणून काढून टाका असं सुचवलं होतं. त्या काढल्या असत्या तर चार हजार झोक्यांना भलत्या वेळी हात लागला असता. तेव्हा निदान तिने विचारलं तरी होतं.

म्हणून हे बिऱ्हाड. नवी जागा होती वारणेकडची 'पाणवठा' ही सहकारी संस्था. दूध संघाच्या जुन्या इमारतीत त्यांचे संगणक होते आणि सभासद झाल्यावर शेअरचा दाखला मिळत होता. "साखर काही देता यायची नाही हं दिवाळीला," चेअरमन फोनवर म्हणाले होते, "पण तुम्हाला न विचारता तुमच्या एका अक्षराला कोणी हात लावणार नाही." पद्मजाला तेवढंच पाहिजे होतं.

निघताना तिने मेरिडॉकच्या पानावर चार ओळी लिहून ठेवल्या. इथे आम्ही नऊ वर्षं सुखाने राहिलो, एक पैसा दिला नाही, ज्यांनी ही जागा बांधली आणि सांभाळली त्यांचे उपकार आहेत. मुश्ताकभाईंनी ते वाचून लिहिलं, 'बाहेर काढणाऱ्यांचे कसले आभार?' तिने उत्तर दिलं, 'काढणारे वेगळे, ठेवून घेणारे वेगळे.'

एवढं सगळं सुरळीत झालं आणि मग गाडी अडली.

प्रोग्राम नव्या घरी गेला होता खरा, पण पट्ट्यांना ते माहीत नव्हतं. प्रत्येक पट्टी पंधरा दिवसांतून एकदा फोनमार्फत आपल्या मूळ पत्त्यावर चौकशी करी, सगळं ठीक ना? उत्तर आलं नाही, किंवा ओळखीचं आलं नाही, तर ती थोडे दिवस वाट बघून मुकी होई. नसेला वीज लावणाऱ्या वस्तूने असंच वागायला हवं. तो मूळ पत्ता म्हणजे मेरिडॉक. आणि तो इंटरनेटवरून बदलता येऊ नये अशी तजवीज दस्तुरखुद्द पद्मजा आणि मुश्ताकभाई यांनीच केलेली होती. कोणीतरी चोर खोटा पत्ता घुसवील या धास्तीने त्यांनी दाराला इतकी कुलपं लावली होती की आता घरमालकच बाहेर उभे होते.

एक वाट मात्र ठेवली होती. नवा पत्ता एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जाऊ शके, पण दोन मनगटं एकमेकांना टेकली तरच. टेकल्यावर दोन्ही पट्ट्या आपलं काम थांबवून पाच-सहा श्वासांपुरत्या नुसतं ऐकत. समोरचा हात खरोखर जिवंत माणसाचा, कापणारा हात आहे याची खात्री पटली की पत्ता पुढे जाई. कंप हीच किल्ली. निरोगी माणसाला पट्टी बांधून हे काम होणार नव्हतं, आणि टेबलावर दोन पट्ट्या शेजारी ठेवूनही नाही.

"चार हजार माणसं एकमेकांना मनगटं लावायला जमणार कुठे?" पुढच्या रविवारी पद्मजाने व्हिडिओवर विचारलं.

मुश्ताकभाई दुकानातूनच बोलत होते. मागे खोकल्याच्या औषधांची फळी दिसत होती. "ताई, अहो दसरा आलाय. माझ्या दुकानात त्या दिवशी निम्मी पेठ सोनं द्यायला येते. कोण कुणाच्या घरी जात नाही दसऱ्याला? आपट्याचं पान हातात द्यायचं, तसंच मनगटाला मनगट लावायचं. एकाचे दोन, दोनाचे चार. दहा-बारा दुपटीत सगळे होतात की."

पद्मजाने बोटांवर दुपटी मोजल्या. "नवमीला सांगलीत गावोगावच्या लोकांना बोलावू," ती म्हणाली. "एकेक जण पत्ता घेऊन जाईल. दसऱ्याला आपापल्या गावात वाटेल."

"बरोब्बर."

"म्हणजे पहिला हात तुमचा."

नवा पत्ता मुळात घालता येईल अशा पट्ट्या दोनच होत्या. एक मुश्ताकभाईंची आणि दुसरी राखीव, जी पद्मजाच्या कपाटात पडून असते असं सगळे समजत. मुश्ताकभाईंनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पाणी हललं नाही. मनगट मोकळं होतं.

"तेच सांगायचं होतं. रागावू नका. हैदराबादला जाऊन आलो. डोक्यावर टोपीसारखं यंत्र बसवतात आणि आत ध्वनिलहरी सोडतात. चिरफाड नाही की टाका नाही. पोरांनी पैसे भरले. सगळ्यांना लागू पडत नाही म्हणाले, मला पडलं." ते ओशाळून हसले. "ताई, माझा हात आता हलतच नाही."

आठ-नऊ वर्षं ज्या माणसाचा चहा बशीत सांडताना पाहिला त्याचा हात बरा झाला, याचा पद्मजाला इतका आनंद झाला की ती एकदम उठून उभी राहिली. उभी राहिल्यावर तिला पहिल्या हाताची आठवण झाली.

"आता पहिला हात कुणाचा?" मुश्ताकभाई म्हणाले. "राखीव पट्टी आहे तुमच्याकडे, पण ती कुणाला बांधली तरी त्याचा कंप शिकायला महिना घेणार. दसरा तर दहा दिवसांवर. शिकलेल्या पट्टीवाचून पत्ता पुढे जात नाही."

"पहिला हात आहे," पद्मजा म्हणाली.

"कुणाचा?"

"नवमीला सांगते. आधी एका माणसाला सांगायला हवं."

चार वर्षांपूर्वी फळ्यावर आलेखाची सरळ रेघ काढताना ती रेघ वाकडी आली, तेव्हा पद्मजाने खडूला दोष दिला होता. मग चहाला दिला, मग जागरणांना. शेवटी एका सुट्टीत कपाटातली राखीव पट्टी काढून मनगटावर बांधली आणि महिन्याभराने रेघ सरळ झाली. वरून रुंद पट्ट्याचं घड्याळ घातलं की खालचं काही दिसत नसे. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे घरात बघणारं माणूस एकच होतं आणि त्याच्यापासूनच तर लपवायचं होतं.

कारण आण्णांचा एक नेम होता. आई गेल्यापासून दोघं समोरासमोर जेवत. पहिला घास उचलायच्या आधी आण्णा तिच्या हाताकडे बघत आणि म्हणत, "येवढं मातर देवानं ऐकलं." आजोबांचा हात कापायचा, आण्णांचा कापला, पोरीचा वाचला. नोकरी गेली त्याचं, खांबावरून उतरावं लागलं त्याचं, बायको लवकर गेली त्याचंही त्यांनी देवाशी कधी फारसं भांडण मांडलं नाही. या एका गोष्टीवर त्यांचा सगळा हिशोब मिटलेला होता. रोज दोन वेळा पद्मजा हे ऐकायची आणि घड्याळ जरा वर ओढून घ्यायची.

गुपचूप करता आलं असतं. कुणा अनोळखी माणसाच्या मनगटाला मनगट लावून यायचं, पुढे साखळी आपोआप चालली असती. हा विचार तिने दोन दिवस चांगला घोळवून पाहिला. पण थाऱ्याच्या कामाचा पहिल्यापासून एकच कायदा होता, जे होईल ते सगळ्यांसमोर. एक ओळ बदलली तरी बदलणाऱ्याचं नाव खाली यायचं. नवा पत्ता कुणाच्या हातून सुरू झाला हे ठाऊक नसेल तर तो घेऊ नका, असं लोकांना तिनेच बजावलेलं होतं. आता नाव लपवून ती पहिली पट्टी पुढे करणार म्हणजे ज्या चोराला भिऊन कुलपं घातली त्याच्यासारखंच वागणार. आणि नाव लावलं की ते आण्णांपर्यंत पोचणारच. थाऱ्याच्या ग्रुपवर येणारा प्रत्येक मेसेज ते चष्मा लावून, मोठ्याने वाचत.

खंडेनवमीच्या सकाळी आण्णांनी पाटावर पूजेला हत्यारं मांडली. त्यांची पक्कड, टेस्टर, कमरेचा चामडी पट्टा. शेजारी पद्मजाचा लॅपटॉप. दरवर्षी ते आपली करडी पट्टीही काढून पाटावर ठेवत आणि हळदीकुंकू मात्र पद्मजाच्या हातून वाहून घेत, कारण पट्टी काढल्यावर त्यांच्या चिमटीत कुंकू राहत नसे. यंदाही त्यांनी पट्टी काढून ठेवली आणि हळदीकुंकवाची कोयरी तिच्यापुढे सरकवली.

पद्मजाने घड्याळ काढलं. त्याखालची पट्टी काढली आणि आण्णांच्या पट्टीशेजारी ठेवली. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवेना. तिने चिमटीत कुंकू घेतलं आणि पक्कडीकडे हात नेला. कुंकू पक्कडीवर पडलं, लॅपटॉपवर पडलं, आण्णांच्या धोतरावर पडलं.

आण्णा त्या हाताकडे बघत राहिले.

"कवापास्नं?"

"चार वर्षं झाली."

"आन् मी रोज जेवताना..." ते थांबले. "का बोलली न्हाईस?"

"तुमचं समाधान मोडवेना, आण्णा."

धोतरावर सांडलेलं कुंकू आण्णांनी झटकलं नाही. आपली पट्टी उचलून मनगटावर चढवली, उठले आणि बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले. पद्मजाने पूजा कशीबशी उरकली, पट्टी बांधली. घड्याळ मात्र पाटावरच राहू दिलं. जाताना ती पायरीवर घोटाळली. आण्णांनी मान वर केली नाही. आयुष्यभर ज्या एका गोष्टीच्या आधारावर हा माणूस देवाशी सलोख्याने राहिला ती आपण काढून घेतली, असं तिला वाटलं आणि कॉलेजच्या मैदानापर्यंतच्या रस्त्यात ती रिक्षात रडली.

मैदानावरच्या मांडवात चाळीसेक गावांची माणसं आली होती. तासगाव, जत, निपाणी, पंढरपूर, कराड. टोपल्यांमधून आपट्याच्या फांद्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, तरी पुरुषमंडळी लांब बाह्यांचे शर्ट घालून, काहीजण तर जाकीट घालून आली होती, आणि बायकांचे उजवे हात पदराआड. इतकी वर्षं झाकलेला हात उघड्यावर हलू द्यायचा, तोही दुसऱ्याच्या हातात देऊन, हे घरी ग्रुपवर 'हो' म्हणण्याइतकं सोपं नव्हतं. मुश्ताकभाई काठोकाठ भरलेले चहाचे पेले ट्रेमधून फिरवत होते आणि एक थेंब सांडत नव्हता. लोक त्यांच्याकडे कौतुकाने आणि थोड्या हेव्याने बघत होते.

पद्मजाने माइक घेतला. जुन्या जागेचे आभार मानले, पाणवठ्याचे मानले. मग म्हणाली, "पहिला हात माझा आहे." आणि तिने पट्टी काढून हात वर धरला.

हात हवेत हलत होता, चांगला दिसेल इतका.

"चार वर्षं लपवला," ती म्हणाली. "तुमच्यासाठी पट्टी करते असं तुम्ही म्हणायचात. मी ऐकून घेत होते. आता पट्टी परत बांधते. पहिलं सोनं घ्यायला कोण येतंय?"

कोणी हललं नाही. नकार म्हणून नव्हे, प्रत्येकाला दुसरा उठेल असं वाटत होतं. मुश्ताकभाईंनी ट्रे खाली ठेवला आणि आपला बरा झालेला हात उगाचच पुढे केला, मग लाजून मागे घेतला.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आण्णा उतरले. धोतरावरचं कुंकू तसंच होतं. मांडवातून वाट काढत ते थेट पुढे आले आणि एक शब्द न बोलता त्यांनी आपलं मनगट पद्मजापुढे धरलं. तिने टोपलीतलं पान घेऊन त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि मनगट टेकवलं. दोन्ही पट्ट्या मुक्या झाल्या. मुक्या होताच दोन्ही हात डुलायला लागले. पानही थरथरायला लागलं. लांबून बघणाऱ्याला कुठला हात बापाचा आणि कुठला लेकीचा हे कापण्यावरून सांगता आलं नसतं.

आण्णांच्या पट्टीवर लाल दिवा लागला.

"घेत नाही," लॅपटॉपवर वाकून मुश्ताकभाई म्हणाले. त्यांनी पुन्हा वाचलं. "पुन्हा टेकवा बघू." पुन्हा लाल. त्यांनी डोकं खाजवलं आणि मग त्यांना हसू फुटलं. "ताई, आपणच घातलेली अट. एकाच माणसाने दोन मनगटांना दोन पट्ट्या बांधून फसवू नये म्हणून. देणारा आणि घेणारा वेगळे असले पाहिजेत. हिला वाटतंय, हे दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत."

आण्णा पट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "लई शाणी झाली की गं ही," ते म्हणाले. "मग आता?"

"मध्ये तिसरं कुणीतरी पाहिजे, आण्णा. मी त्यांना देणार, ते तुम्हाला देणार."

आण्णा मांडवाकडे वळले. त्यांना माइक लागत नसे, खांबावरून खालच्या माणसाशी बोलायची सवय होती. "अवो, कोनतरी मधी या! आमचं बापलेकीचं रगत एकच पडलं म्हणून यंत्र अडून बसलंय. तुमच्यापैकी कुनाचा तरी हात आमच्यापेक्षा येगळा हलत असंल की!"

कुणीतरी हसलं. मग पुष्कळजण हसले. दुसऱ्या ओळीतून इंदुताई कोरे उठल्या. तासगावच्या, दवाखान्यात नर्स होत्या. इंजेक्शन देताना हात कापायला लागला म्हणून मुदतीआधी घरी बसलेल्या. त्यांनी पदराआडून हात बाहेर काढला. "आण्णा, माझा बराच वेगळा हलतो," त्या म्हणाल्या. "माझा आधी थांबतो आणि मग एकदम सुटतो. घ्या बघू."

पद्मजाने त्यांच्या हातात सोनं दिलं आणि मनगट टेकवलं. दोघींचे हात आपापल्या चालीने हलले. हिरवा दिवा. मग इंदुताई जागच्या जागी वळल्या आणि आण्णांचं मनगट त्यांनी आपल्या मनगटाला लावलं. हिरवा. आण्णांची पट्टी पुन्हा कामाला लागली आणि त्यांचा हात हळूहळू शांत झाला. तळहातावरचं पान स्थिर राहिलं.

मांडवातली माणसं उठायला लागली होती. जाकिटं निघत होती, बाह्या वर जात होत्या. इंदुताईंपुढे एक रांग लागली, पद्मजापुढे दुसरी लागत होती. जतच्या एका मास्तरांनी निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला विचारलं, तुमचा जेवताना जास्त होतो का लिहिताना, आणि दोघं आपापले हात शेजारी धरून बघत उभे राहिले.

"मघाशी देवळात गेलो हुतो," आण्णा पद्मजाला म्हणाले, खाली बघत. "भांडायला. येवढं एकच मागितलं हुतं, ते बी दिलं न्हाईस, म्हटलं."

"मग?"

"मग काय, भांडलो. तितनं रिक्षा करून हितं आलो." त्यांनी रांगेकडे पाहिलं. ती मांडवाबाहेर उन्हात गेली होती. "माझ्या बाचा हात हलाय लागला तवा पंगतीत त्याच्या शेजारी कोन बसंना. भितीकडं तोंड करून येकटा जेवायचा. माझा हलला तवा तू हुतीस. आन् तुझी पाळी आली तर ही बघ केवढी रांग." त्यांनी तळहातावरचं पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "इतकी वर्सं म्या उपकार मानलं ते भलत्याच गोष्टीचं. पर उपकार हुतंच गं पोरी. सर आता बाजूला, मागं मानसं खोळंबल्यात."

त्यांनी टोपलीतून दुसरं पान उचललं आणि समोर उभ्या असलेल्या पहिल्या माणसाला म्हणाले, "काढा हात भाईर."